थांबा पक्षातून माझी हकालपट्टी

अमक्याची पक्षातून हकालपट्टी, अशी बातमी आपण महिन्यातून एकदा तरी वाचतो आणि पान उलटतो. मीही उलटत असे. पण ज्या पक्षाची घटना मी स्वतः लिहिली, ज्याची पहिली बैठक माझ्या घरात भरली आणि त्या बैठकीचा चहासुद्धा मीच केला, त्या पक्षानं मला काढलं. काढल्याचं पत्र माझ्या बायकोनं, माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच पेनानं लिहिलं आणि माझ्या हातात ठेवून म्हणाली, "पोच द्या." मी पोच दिली. पत्रात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या आधी दुरुस्त केल्या, मग दिली. माणसाचा अपमान व्हायचाच असेल तर निदान तो शुद्ध भाषेत व्हावा.

या सगळ्याच्या मुळाशी राजकारण नव्हतं. आईचे गुडघे होते.

आमच्या इमारतीच्या दारातच चौदा नंबर बसचा थांबा होता. आई आठवड्यातून तीन दिवस त्या बसनं अंध मुलांच्या शाळेत जायची आणि मुलांना पुस्तकं वाचून दाखवायची. त्या वेळी एक जाडजूड कादंबरी चालू होती. नायिका घर सोडून जहाजावर चढली होती, आणि नेमका तेव्हाच कोणी कुठल्या कागदावर सही केली देव जाणे, आमचा थांबा उचलून अर्धा किलोमीटर लांब, पेट्रोल पंपाच्या पलीकडे, चढावर नेऊन ठेवला. आईनं दोन दिवस तो चढ चढून पाहिला. तिसऱ्या दिवशी गुडघे सुजले. टॅक्सी करून देतो म्हटलं तर म्हणाली, "आठवड्यातून तीनदा टॅक्सीनं फिरण्याइतकी मी मोठी झालेली नाही." मग शाळेतल्या मुलांचे फोन यायला लागले. "आजी, ती जहाजावरून उतरली का हो?" आई फोनवर सांगायची, "अजून नाही रे, समुद्र खवळलाय." आणि फोन ठेवून खिडकीतून खांबाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसायची.

आता माझ्याविषयी थोडं. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो. अशा माणसाला निःपक्षपाती राहावं लागतं. "मी कुठल्याच पक्षाचा नाही," हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा आणि इतक्या अभिमानानं म्हटलं होतं की लोक मला नमस्काराच्या आधीच "हो, माहीत आहे" म्हणायचे. पक्ष म्हणजे स्वतःच्या डोक्यानं विचार करता न येणाऱ्यांची सोय, असं माझं मत होतं. मी पक्षाबिक्षाच्या नादी न लागता, एक सुजाण नागरिक या नात्यानं, थेट परिवहन कार्यालयात अर्ज केला. दोन पानी. एकही चूक नाही.

खिडकीतल्या अधिकाऱ्यानं तो उलटूनसुलटून पाहिला.

"अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला.

"आणि मजकूर?"

"मजकूरही सुंदर आहे. पण हा बघा दुसरा अर्ज. हे गृहस्थ म्हणतात, थांबा गेला ते फार चांगलं झालं, खिडकीखाली लोक ताटकळत गप्पा मारायचे, झोप व्हायची नाही. तुमचाही एक अर्ज, त्यांचाही एक. मी कुणाचं ऐकू?"

"जे न्याय्य आहे त्याचं."

"ते दोघांनीही लिहिलंय," अधिकारी अगदी प्रेमानं म्हणाला. "तुम्ही किती जण आहात, ते सांगा."

मी मागं वळून पाहिलं. मागं एक बाई हरवलेल्या पासची चौकशी करायला उभ्या होत्या. "सध्या एकच," मी म्हणालो.

मग नाइलाजानं मी पक्षांच्या दारात गेलो. आमच्या भागातल्या दोन मोठ्या पक्षांची कार्यालयं एकाच इमारतीत आहेत, एक जिना चढून वर आणि एक तळमजल्यावर. लोक त्यांना वरचा पक्ष आणि खालचा पक्ष असंच म्हणतात. दोघांत विस्तव जात नाही, पण पिण्याच्या पाण्याचा जार एकच येतो आणि तो जिन्यात मधल्या पायरीवर ठेवलेला असतो. वरच्यांनी विचारलं, "तुमच्या इमारतीत मतं किती?" खालच्यांनी नाव लिहून घेतलं आणि म्हणाले, "मागण्यांच्या यादीत घालतो. तुमच्या आधी पाच आहेत." मला रांगेत उभं केल्याचा फार राग आला. घरी येऊन जाहीर केलं, "मी स्वतःचा पक्ष काढणार."

बायको एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. दिवसाला दोनशे माणसांचं दुखणं ऐकते, त्यामुळं तिचा चेहरा सहसा हलत नाही. तिनं विचारलं, "तुमचं आणि कुणाचं एक तासभर तरी पटलंय का कधी?"

"म्हणूनच स्वतःचा काढतोय," मी म्हणालो.

पहिल्या बैठकीला शेजारपाजारचे आले. एक होते निवृत्त हेडक्लार्क. जगातला कुठलाही नियम त्यांना तारीखवार पाठ, म्हणून सगळे त्यांना मागून 'परिपत्रक' म्हणतात आणि त्यांना ते माहीत आहे. दुसरे कोपऱ्यावरचे टेलरमास्तर. तिसऱ्या दुसऱ्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरबाई. माझी कल्पना अशी की मी थांब्याची मागणी मांडीन, ते टाळ्या वाजवतील आणि आम्ही चहा पिऊ. चहा झाला. त्यानंतर परिपत्रक म्हणाले, "पक्षाच्या नोंदणीला शंभर सभासदांच्या सह्या लागतात. आणि एका मागणीचा पक्ष म्हणजे एका पायाचं स्टूल. कोण बसणार त्यावर?"

"थांबा हा तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"पाण्याचा दाब हासुद्धा तत्त्वाचा प्रश्न आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पेशंट तोंड उघडून बसलाय आणि नळाला पाणी नाही, यापेक्षा मोठं तत्त्व कुठलं?"

मास्तर घसा खाकरून म्हणाले, "दुकानांपुढं हातभर फळी टाकायची परवानगी. तेवढं घाला."

फूटपाथवर फळी! मी ताडकन उठलो. फूटपाथ पादचाऱ्यांचा, यावर मी दहा मिनिटं बोललो. मास्तरांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "साहेब, सह्या किती जमतील?"

मी बोटांवर मोजलं. "त्रेसष्ट."

"माझ्या गिऱ्हाइकांच्या चाळीस आणतो. फळी घाला."

फळी हे कलम सात झालं. माझ्या शुद्ध, सडसडीत मागणीला आठवड्याभरात चौदा कलमांचं पोट सुटलं. पण एक गोष्ट कबूल करायला हवी. ज्यांना बसशी काही देणंघेणं नव्हतं, ती माणसं आता आपापसांत चौदा नंबरविषयी बोलायला लागली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याच्या दाबाविषयी चौकशी केली होती.

पक्षाची घटना मी लिहिली. पस्तीस कलमं. त्यातलं एकोणिसावं असं: 'पक्षाच्या निर्णयाविरुद्ध जाहीरपणे बोलणाऱ्या सभासदास, तो कितीही मोठा असो, पक्षातून दूर करण्यात येईल.' 'तो कितीही मोठा असो' हे शब्द मी मुद्दाम घातले. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मास्तर होते.

पक्षाचं नाव ठेवलं 'थांबा'. सुटसुटीत, अर्थपूर्ण आणि कुठल्याही अंगानं चूक होऊ न शकणारं. परिपत्रकांना बरोबर घेऊन मी नोंदणी कार्यालयात गेलो.

"पक्षाचं नाव?" कारकुनानं विचारलं.

"थांबा."

त्यानं पेन उचलून धरलं आणि तो थांबला. मीही थांबलो. भिंतीवरच्या पंख्यानं दोनदा मान फिरवली.

"थांबलोय. सांगा."

"थांबा!"

"अहो, किती थांबू? मागं रांग बघा की."

परिपत्रकांनी मध्ये पडून उलगडा केला. कारकुनानं पेन खाली ठेवलं. "हे नाव नाही चालायचं. हा हुकूम झाला. मतदार केंद्राकडं निघालाय आणि कुणी ओरडलं, थांबा, तर? मतदानात अडथळा."

मग तीन नंबरची खिडकी, तिथून वरचा मजला, तिथून परत तीन नंबर. शेवटी असं ठरलं की मागंपुढं शब्द जोडून 'नागरिक थांबा पक्ष' करावं, आणि सदर नावातील 'थांबा' हा शब्द नाम असून आज्ञार्थी क्रियापद नाही, असं प्रतिज्ञापत्र मी द्यावं. मी दिलं. आयुष्यात इतक्या समाधानानं मी कुठल्याच कागदावर सही केलेली नाही. एकशेतीन सभासदांपैकी तिघांच्या सह्या जुळल्या नाहीत म्हणून बाद झाल्या. उरले बरोबर शंभर. शंभरावी सही आईची होती.

महापालिकेची निवडणूक सव्वा महिन्यावर आली होती. चिन्ह घ्यायला गेलो तेव्हा यादीत तीनच शिल्लक होती: शिडी, बादली आणि कंगवा. आमच्यापुढं रांगेत दोन जण होते. पहिल्यानं शिडी घेतली. दुसरा बराच वेळ घुटमळला, मी मनातल्या मनात त्याला कंगव्याची महती सांगत होतो, आणि त्यानं बादली घेतली.

इथं एक खुलासा आवश्यक आहे. माझ्या डोक्यावर केस नाहीत. पूर्वी होते, त्याला पुरावा म्हणून लग्नातले फोटो आहेत. आता कानांच्या वर एक अरुंद किनार तेवढी उरली आहे. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. कंगवा मिळाल्याची बातमी इमारतीत पोचली आणि जिन्यातून वर येईपर्यंत मला चार माणसं भेटली. चौघांनीही आधी चिन्हाच्या कागदाकडं पाहिलं, मग माझ्या डोक्याकडं, आणि मग फार काळजीनं दुसरीकडं.

उमेदवार कोण, हा प्रश्न माझ्या मते प्रश्नच नव्हता. बैठकीत मी भाषणाची टिपणं घेऊन बसलो होतो. परिपत्रक म्हणाले, "व्यक्ती कितीही आदरणीय असली तरी मतदाराच्या मनात चिन्ह आणि चेहरा यांचा मेळ बसला पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे," मास्तर म्हणाले, "लोक हसतील हो साहेब."

डॉक्टरबाईंनी माझ्या बायकोचं नाव सुचवलं. अख्खा भाग तिला दवाखान्याच्या खिडकीमुळं ओळखतो, आणि तिची वेणी कमरेपर्यंत आहे. मी म्हणालो, मतदान घ्या. घेतलं. सात विरुद्ध चार. त्या सातांत आईचा हात होता.

"आई, तूसुद्धा?"

"अरे, ती लोकांचं ऐकून घेते," आई म्हणाली. "तू त्यांची वाक्यं दुरुस्त करतोस."

प्रचार सुरू झाला. ही दारोदार जायची आणि लोक दारातच तिला गुडघा, कंबर, पित्त सांगायचे. ती ऐकून घ्यायची, कुठल्या दिवशी कुठला डॉक्टर असतो ते सांगायची आणि शेवटी म्हणायची, "बसथांबा जवळ असता तर दवाखान्यात यायला बरं पडलं असतं, नाही?" लोक म्हणायचे, खरंच की. मी पत्रकं घेऊन मागं उभा असायचो.

असा रिकामा माणूस म्हणजे धोका. एका सकाळी चौकात खालच्या पक्षाचा फलक दिसला. 'आपले बहुमुल्य मत देऊन निवडणुक जिंका.' एका ओळीत दोन चुका! माझ्या खिशात लाल पेन होतं. मी इकडंतिकडं पाहिलं आणि दोन्ही उकार दीर्घ केले. समासात बरोबरची खूणही केली. पुढच्या चौकात तोच फलक होता. तोही दुरुस्त केला. चौथ्या फलकाला एका पोलिसानं माझा हात धरला.

निवडणूक कार्यालयाची नोटीस आली, विरोधी पक्षाच्या फलकाचे विद्रूपीकरण केल्याबद्दल खुलासा करावा. मी उत्तर दिलं की हे विद्रूपीकरण नसून सुरूपीकरण आहे, आणि नोटिशीतही एक चूक आहे, ती खालीलप्रमाणे. या उत्तरामुळं प्रकरण मिटायच्या ऐवजी पक्षाच्या उमेदवाराला, म्हणजे हिला, समक्ष बोलावणं आलं. ती दवाखान्यातून अर्धी रजा टाकून गेली, दीड तास बाकड्यावर बसली, माफी मागून आली आणि मला काहीही बोलली नाही. हे फार वाईट लक्षण असतं. जेवताना तिनं मीठ मागितलं तेसुद्धा आईमार्फत.

त्याच आठवड्यात बाजारात आमची सभा होती. हिचं भाषण झालं, टाळ्या पडल्या. आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. आभारच मानायचे होते. पण समोर दीडशे माणसं बसलेली, हातात माइक, आणि आयुष्यभर मला कुणी माइक दिलेला नव्हता. मी म्हणालो, "मी प्रामाणिक माणूस आहे. मला जे पटत नाही ते मी लपवत नाही. आमच्या जाहीरनाम्यातलं कलम सात मला अजिबात मान्य नाही. फूटपाथवर फळी येता कामा नये!"

मला वाटलं, प्रामाणिकपणाला टाळ्या पडतील. समोरच्या तीन रांगा मास्तरांच्या गिऱ्हाइकांच्या होत्या. त्या उठून गेल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "आधी नवराबायकोंत ठरवा, मग मतं मागा!" हिच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं. दवाखान्याच्या खिडकीतला तो न हलणारा चेहरा त्या दिवशी हलला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक झाली. परिपत्रकांनी कलम एकोणीस वाचलं. 'तो कितीही मोठा असो' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा मला खोकला आला होता. ठराव एकमतानं मंजूर. एकमत होण्यासाठी माझं मत धरलेलं नव्हतं.

पक्षाचं कार्यालय आमच्याच बाहेरच्या खोलीत होतं. त्यामुळं रोज संध्याकाळी बैठक सुरू झाली की मला स्वयंपाकघरात जावं लागे. बिगरसभासदाला प्रवेश नाही, हे कलमही माझंच. दाराच्या फटीतून मी विचारायचो, "साखर किती?" आतून परिपत्रकांचा आवाज यायचा, "ही बाब गोपनीय आहे. बेतानं घाला."

हकालपट्टी झालेल्या माणसाला बाजारात भाव असतो, हे मला तेव्हा कळलं. खालच्या पक्षानं निरोप धाडला, "नाराज संस्थापक आमच्याकडं आले तर हार घालू, आणि फलक तपासायचं काम देऊ." हाराचं सोडा, पण फलक तपासायच्या कल्पनेनं मी विरघळलो. एका दुपारी निघालोच. तळमजल्यावर कुणी नव्हतं, कुलूप होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वरच्या पक्षाचा एक जाड चष्म्याचा कार्यकर्ता बसला होता. शेजारी एक म्हातारी. तो तिचा पेन्शनचा फॉर्म भरत होता. हातातला झाला की तिच्यामागं अजून चार जण होते.

मी वाट बघत पाण्याच्या जारापाशी बसलो. तासभर तो फॉर्म भरत होता. मधेच मला म्हणाला, "साहेब, 'विधवा'तला वि पहिला ना?" मी म्हणालो, पहिला. शेवटची बाई गेल्यावर मी विचारलं, "रोज बसता?"

"अकरा वर्षं. रविवार सोडून."

"तुमच्या पक्षाचं सगळं पटतं तुम्हाला?"

तो हसला. "अर्धंसुद्धा नाही. आमच्या पुढाऱ्याचं तर तोंड बघवत नाही कधी कधी."

"मग बोलत का नाही?"

"बोलतो की. आतल्या बैठकीत दार लावून असा भांडतो की खालच्यांना ऐकू जातं. अकरा वर्षांत दोनदा जिंकलो. एकदा बाजारातले दिवे, एकदा सार्वजनिक नळाची वेळ." त्यानं चष्मा पुसला. "बाकी वेळा हरलो. बाहेर येऊन ठरलंय त्याची पत्रकं वाटली. मी हरलो म्हणून या आजींचा फॉर्म थांबत नाही ना. आणि साहेब, एकटा असतो तर दोनदा तरी जिंकलो असतो का?"

खालच्या पक्षाचा माणूस किल्ल्या घेऊन आला तेव्हा मी निघालो होतो. त्यानं हाराबद्दल विचारलं. मी म्हणालो, "तुमच्या दारावरच्या पाटीत 'कार्यालय' बरोबर आहे. तेवढंच बघायला आलो होतो."

घरी आलो. ही पत्रकांच्या घड्या घालत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "सभेत मी तुझ्या पायावर धोंडा टाकला. चुकलो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ही पक्षाची माफी की घरची?"

"दोन्ही."

"घरची मंजूर," ती म्हणाली आणि अर्धा गठ्ठा माझ्याकडं सरकवला. "पक्षाची बैठकीत ठेवते. घड्या घालायला सभासद असावं लागत नाही."

मी घड्या घातल्या. कलम सातसकट.

निवडणुकीत आम्ही पडलो. हिला सहाशे अकरा मतं मिळाली. खालचा पक्ष निवडून आला, पण वरच्यापेक्षा फक्त दोनशे चाळीस मतांनी. मी हळहळत होतो, आणि परिपत्रकांनी मात्र कागदावर दोन रेघा ओढून म्हटलं, "सहाशे अकरा जण ज्याच्याकडं गेले असते, तो जिंकला असता. हे त्या दोघांनाही कळतं."

कळलं होतं. चौथ्या दिवशी वरच्या पक्षानं परिवहन कार्यालयावर मोर्चा नेला, 'चौदा नंबरचा थांबा परत द्या!' सहाव्या दिवशी खालच्या पक्षाच्या नव्या नगरसेवकानं परिवहनच्या साहेबांना फोन केला. नवव्या दिवशी खांब परत आमच्या दारात. दोन्ही बाजूंना दोन फलक: 'आमच्या पाठपुराव्याला यश' आणि 'आमच्या लढ्याला यश.' आमचं नाव कुठंच नाही. मी खिडकीतून ते पाहून धुमसत होतो. "चोरली! अख्खी मागणी चोरली!"

"चोरू देत की," ही म्हणाली. "त्यांनी चोरावी म्हणूनच तर मांडली होती."

आई तेवढ्यात खाली पोचली होती. पुस्तक पिशवीत होतं. बस आली, कंडक्टरनं हात दिला आणि ती चढली. संध्याकाळी परत आली ती घसा बसवूनच. मुलांनी सलग तीन प्रकरणं वाचून घेतली होती. नायिका जहाजावरून उतरली होती, आणि आई म्हणाली, उतरून काही तिचं भलं झालेलं नाही.

थांबा मिळाला, आता पक्ष गुंडाळावा, असा ठराव परिपत्रकांनी नियमानुसार मांडला. तो पडला. डॉक्टरबाईंच्या नळाला अजून दाब नव्हता, मास्तरांची फळी नव्हती, आणि आता गटारांचं काम निघालं होतं. मी सभासदत्वासाठी नव्यानं अर्ज केला. मुलाखत घ्यायला तिघं बसले: मास्तर, डॉक्टरबाई आणि अध्यक्षस्थानी आई. मला स्टुलावर बसवलं होतं.

"पुढचा विषय गटाराचा आहे," आईनं सुरुवात केली. "एकाच गटाराचं काम आधी होणार. मास्तरांचं म्हणणं, बाजाराकडचं. तुझं?"

"प्राथमिक शाळेकडचं."

"आणि बैठकीत बाजाराकडचं ठरलं तर?"

मी विचार केला. खरोखरच केला. "बैठकीत शेवटपर्यंत भांडेन. माझा विरोध इतिवृत्तात नोंदवून घेईन."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी बाजाराकडच्या गटाराची पत्रकं वाटेन. पण पुढच्या बैठकीत शाळेचा विषय परत काढेन."

"काढणारच," डॉक्टरबाई पुटपुटल्या. आईनं सही केली. "सहा महिने उमेदवारीवर. ये, आत बस."

मी आत बसलो, आणि लगेच गटाराचा विषय निघाला. मास्तरांनी बाजाराच्या बाजूनं फार सुंदर भाषण केलं. मी शाळेच्या बाजूनं बोललो. पावणेतीनशे मुलं तिथून उड्या मारत जातात, मागच्या महिन्यात दोघं पडली, असं सगळं. मतदान झालं. नऊ विरुद्ध दोन. बाजार जिंकला. माझ्या बाजूनं वर गेलेला दुसरा हात कुणाचा, ते बघायला मी वळलो. मास्तरांचा होता.

"अहो मास्तर, तुमच्याच भाषणानं तर नऊ जण तिकडं वळले!"

"ते माझं ऐकून तिकडं वळले," मास्तर ओशाळून म्हणाले. "मी तुमचं ऐकून इकडं वळलो. गिऱ्हाइकांना शब्द दिला होता, बाजाराचं मांडीन म्हणून. मांडलं. पण पोरं पडतात हो तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराकडच्या गटाराची पत्रकं घेऊन आम्ही दोघं निघालो. तिसऱ्या घराचं दार एका बाईंनी उघडलं. त्यांनी पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "बाजाराचं? आणि शाळेकडचं का नाही हो आधी?"

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी मास्तरांकडं पाहिलं.

"बाई," मी म्हणालो, "पुढच्या बैठकीला याच तुम्ही."